बोलणाऱ्या पडद्याची भाषा

कुठली लँग्वेज भारी, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज चालतो. जावावाले, डॉट नेटवाले, पायथनवाले, सगळे आपापले झेंडे घेऊन तयार. पण खरं सांगा, आपल्यापैकी बहुतेकांसाठी हा आवडीनिवडीचा मामला. फार तर पुढच्या उडीत पगार थोडा कमीजास्त. एका ठिकाणी मात्र ही निवड थेट कुणाच्या तरी पोटापाण्यापर्यंत जाऊन पोचते. ते ठिकाण म्हणजे स्क्रीन रीडर.

डोळ्यांनी दिसत नाही अशी व्यक्ती कॉम्प्युटर वापरते ती स्क्रीन रीडरच्या जोरावर. पडद्यावर काय आहे ते तो बोलून सांगतो. आता समजा, एखाद्या बँकेचं अंतर्गत सॉफ्टवेअर आहे. बटणांवर नुसती चित्रं, मागे नाव काहीच नाही. तुम्हाआम्हाला फ्लॉपीचं चित्र दिसलं की कळतं, हे 'सेव्ह'. स्क्रीन रीडर मात्र म्हणतो, "ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक". झालं, काम ठप्प! सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी एका माणसासाठी नवं व्हर्जन काढेल तेव्हा काढेल. तोवर उपाय एकच: स्क्रीन रीडरलाच शिकवायचं, की बाबा रे, हे तिसरं चित्र म्हणजे सेव्ह. आणि शिकवायचं तर कुठल्या तरी भाषेत शिकवायला हवं.

ही गरज अगदी सुरुवातीलाच लक्षात आली होती. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी डॉससाठी स्क्रीन रीडर बनवला. थॅचर यांचे गुरू आणि सहकारी जेसी राइट हे गणितज्ञ स्वतः दृष्टिहीन होते. या प्रॉडक्टचं नावच 'स्क्रीन रीडर' होतं, आणि पुढे ते सगळ्या जातीलाच चिकटलं. त्यात 'प्रोफाइल अ‍ॅक्सेस लँग्वेज' नावाची छोटी भाषा होती. कुठल्या प्रोग्रॅममध्ये काय वाचायचं ते तिच्यात लिहून ठेवता येई.

मग आला जॉज. टेड हेंटर हे मोटारसायकल रेसर. १९७८मध्ये कारच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. १९८७मध्ये त्यांनी बिल जॉइस यांच्याबरोबर हेंटर-जॉइस ही कंपनी काढली. विंडोजसाठीचा जॉज १९९५मध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षं नोकरीच्या जगात त्याचाच दबदबा राहिला. जॉजने स्वतःची स्क्रिप्टिंग भाषा बनवली. ती जवळपास साध्या इंग्रजीसारखी वाचता येते, आणि लिहिलेली स्क्रिप्ट कंपाइल करावी लागते. गंमत म्हणजे जॉजच्या स्वतःच्या कितीतरी कमांड याच भाषेत लिहिलेल्या आहेत, आणि त्यांचा सोर्स सोबतच येतो. तो वाचून कित्येकांनी शिकून घेतलं. कंपन्यांसाठी अशा स्क्रिप्ट लिहून देणं हा एक व्यवसायच झाला. पण एक गोम आहे. ही भाषा जॉजच्या बाहेर कुठेच चालत नाही. शिकलेलं ज्ञान आणि लिहिलेला कोड, दोन्ही त्याच दावणीला बांधलेले.

१९९५मध्येच एका पुणेकराने अगदी वेगळी वाट धरली. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी ग्लॉकोमामुळे त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. वाडिया कॉलेज, आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेलमधून डॉक्टरेट. त्यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी 'ईमॅक्सपीक' लिहिलं, तेही ईमॅक्सच्याच लिस्प भाषेत. लिस्पमध्ये 'अ‍ॅडव्हाइस' नावाची सोय आहे. मूळ फंक्शनला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपला कोड चालवता येतो. कॅलेंडरचंच बघा. साधा स्क्रीन रीडर कर्सरखालचा आकडा वाचणार, "बारा". ईमॅक्सपीकला आतली माहिती असल्यामुळे ते वार, महिना, वर्ष सगळं सांगतं. पडदा वाचायचाच नाही, प्रोग्रॅमलाच बोलतं करायचं! मर्यादा एवढीच, की ईमॅक्सच्या बाहेर पडलात की आवाज बंद.

विंडो-आइज या जॉजच्या प्रतिस्पर्ध्याने २००८मध्ये तिसराच मार्ग काढला: स्वतःची भाषा नकोच. स्क्रीन रीडरचे सगळे भाग कॉममधून उघडे केले आणि सांगितलं, व्हीबीस्क्रिप्ट, जेस्क्रिप्ट, पायथन, तुम्हाला जे येतं त्यात लिहा. इंजिनियर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. पण पुढे काय झालं? कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि २०१७मध्ये विंडो-आइज बंद झाला. भाषा खुल्या होत्या, घर मात्र बंद होतं. घराला कुलूप लागलं आणि त्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट रस्त्यावर आल्या.

आता आपल्या कथेचा नायक. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, आणि पुढे जेम्स टेह हा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. चांगल्या स्क्रीन रीडरची किंमत कॉम्प्युटरपेक्षाही जास्त, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून हा फुकट आणि ओपन सोर्स. भाषा निवडली पायथन. तेव्हा शंका घेण्यासारखं बरंच होतं. पायथन हळू, आणि की दाबल्यावर आवाज तत्काळ यायला हवा. यावर उत्तर म्हणजे जिथे वेग हवा तो भाग सी++मध्ये, बाकी सगळं पायथनमध्ये. दुसरी शंका जास्त मजेशीर. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेला अर्थ असतो, आणि न दिसणाऱ्या माणसाने रिकामी जागा मोजायची कशी? एनव्हीडीए ती मोजून बोलून दाखवतो, आणि त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये एका पातळीला एक टॅब असा नियम आहे.

फायदा काय झाला? अ‍ॅड-ऑन आणि मूळ प्रोग्रॅम एकाच भाषेत. त्यामुळे अ‍ॅड-ऑन लिहिणाऱ्याला आतलं सगळं हाती लागतं, आणि आज अ‍ॅड-ऑन लिहिणारा उद्या मूळ कोडमध्ये दुरुस्ती करू शकतो. शिवाय पायथन शिकलेला दृष्टिहीन विद्यार्थी त्याच ज्ञानावर सॉफ्टवेअरमध्ये नोकरीही शोधू शकतो.

अर्थात फुकट काहीच नसतं. ज्याला सगळं हाती लागतं तो सगळं मोडूही शकतो, आणि अ‍ॅड-ऑनला फारसं कुंपण नाही. शिवाय जगाची भाषा घेतली की जगाची उलथापालथही घ्यावी लागते. पायथन २चा आधार २०२०च्या सुरुवातीला संपला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या एनव्हीडीए २०१९.३मध्ये पायथन ३ आलं. सगळी अ‍ॅड-ऑन पुन्हा तपासून बदलावी लागली. ज्यांचे लेखक केव्हाच दुसरीकडे वळले होते, ती तिथेच राहिली. जॉजची खासगी भाषा या वादळापासून सुरक्षित होती, हे मान्य करायलाच हवं.

तरीही माझं मत पायथनच्या बाजूने आहे, आणि कारण सिंटॅक्स नाही. अनाथ अ‍ॅड-ऑन कुणीही उचलून दुरुस्त करू शकतं, कारण कोड उघडा आहे आणि ती भाषा येणारे लाखो लोक आहेत. त्यात तुम्ही-आम्हीही आलो. बँकेतल्या त्या तिसऱ्या चित्राला नाव द्यायला फार मोठा कोड लागत नाही. एखादा शनिवार मोकळा असेल, तर बघा.