तिऱ्हाइताचा विमा : ‘थर्ड पार्टी’ या दोन शब्दांचा इतिहास

१/१६
गाडीच्या कागदपत्रांत एक कागद असा असतो की जो आपण विकत घेतो, पण वाचत नाही. वाहतूक पोलिसाने अडवले की दाखवतो आणि पुन्हा खणात ठेवून देतो. त्यावर ‘थर्ड पार्टी’ असे शब्द असतात. पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा पक्ष विमा कंपनी. मग हा तिसरा कोण? त्याने हप्ता भरलेला नाही, सही केलेली नाही, आपली त्याची ओळखही नाही. तरीही त्याच्यासाठी हा विमा सक्तीचा आहे. असे का, हे सांगणारा हा धागा.

२/१६
मराठीत अशा माणसाला फार नेमका शब्द आहे : तिऱ्हाईत. दोघांच्या व्यवहाराशी ज्याचा संबंध नाही तो. इंग्रजी करारकायदा तिऱ्हाइताच्या बाबतीत कठोर होता. करार दोघांचा असेल, तर त्याचा लाभ तिसऱ्याने न्यायालयात मागू नये, हे तत्त्व १८६१ च्या ‘ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन’ या खटल्यात पक्के झाले. विमा हाही दोघांचाच करार. त्यामुळे गाडीखाली सापडलेल्याचा त्या विम्याशी काही संबंध नाही, असेच कायदा मानत आला.

३/१६
त्याहून विचित्र नियम आणखी जुना होता. १८०८ मध्ये इंग्लंडमधील एका खटल्यात, घोड्यांची प्रवासी गाडी उलटून पत्नी दगावलेल्या माणसाने भरपाई मागितली. लॉर्ड एलेनबरो यांनी निर्णय दिला की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात नुकसान म्हणून मांडता येण्याजोगी बाब नव्हे. पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळाचे काय ते मिळेल. म्हणजे अपघातात पाय गेला तर भरपाई मिळे, प्राण गेला तर कुटुंबाला काहीच मिळत नसे.

४/१६
रेल्वे आली, अपघात वाढले आणि हा नियम असह्य झाला. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क मिळाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा झाला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांना आता दावा लावता येऊ लागला. पण ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्याकडे पैसाच नसेल तर काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

५/१६
ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिक म्हणून फिरवल्या जाणाऱ्या मोटारीखाली ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने मेलेली ब्रिटनमधील पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. चौकशीत निष्कर्ष निघाला : अपघाती मृत्यू. चालकावर खटला झाला नाही. पुढच्या तीन दशकांत मोटारी लाखांनी वाढल्या. विमा मिळत होता, पण तो घ्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते.

६/१६
आणि विमा असूनही उपयोग होत नाही, हे १९२८ साली उघड झाले. हॅरिंग्टन मोटार कंपनीच्या गाडीने एका पादचाऱ्याला जखमी केले. न्यायालयाने त्याला भरपाई मंजूर केली. पण तोवर कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. विमा कंपनीने प्रामाणिकपणे पैसे दिले, पण ते दिले दिवाळखोर कंपनीच्या अवसायकाकडे. अपील न्यायालयाने म्हटले : हा पैसा कंपनीच्या सर्व देणेकऱ्यांचा, जखमी माणसाने त्यांच्याच रांगेत उभे राहावे. त्याच्याच दुखापतीपोटी आलेली रक्कम इतरांची देणी भागवण्यात वाटली गेली.

७/१६
या निकालाने कायदेमंडळ हलले. १९३० साली ब्रिटनमध्ये दोन कायदे झाले. एकाने ठरवले की विमेदार दिवाळखोर झाला, तर विमा कंपनीविरुद्धचा त्याचा हक्क थेट तिऱ्हाइताकडे जाईल. दुसरा रस्ते वाहतूक कायदा. त्याने मोटारींवरची वेगमर्यादा उठवली आणि तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. ही सक्ती १ जानेवारी १९३१ पासून लागू झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्य १९२७ मध्ये आणि न्यूझीलंड १९२८ मध्ये याच वाटेने गेले होते.

८/१६
हिंदुस्थानात १९३६-३७ मध्ये मोटार वाहन विमा समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवे प्रकरण आले : विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे गुन्हा. मात्र कायदा आला तरी हे प्रकरण बाजूला ठेवले गेले. दुसरे महायुद्ध आले आणि गेले. सक्तीचा विमा प्रत्यक्ष लागू झाला तो १ जुलै १९४६ रोजी. आज आपल्या खणातला तो कागद त्या तारखेचा वारसदार आहे.

९/१६
पण त्या कायद्यात एक तरतूद अशी होती की आज वाचून नवल वाटावे. खाजगी मोटारीने माणूस मारला, तर विमा कंपनीने न्यायालय ठरवील ती पूर्ण रक्कम द्यायची. मालवाहू ट्रकने मारला, तर विम्याची सक्तीची मर्यादा एकूण २०,००० रुपये. ती १९६९ मध्ये ५०,००० आणि १९८२ मध्ये दीड लाख झाली. मृताचे वय तेच, पगार तोच, घरची माणसे तीच. पण कोणत्या चाकाखाली सापडला यावर कुटुंबाची भरपाई सुरक्षित आहे की नाही हे ठरे. उरलेली रक्कम ट्रकमालकाकडून वसूल करायची, तीही त्याच्याकडे असली तर.

१०/१६
दुसरा अडथळा न्यायालयाच्या दारातच होता. दिवाणी दाव्यात जितकी मोठी मागणी, तितके मोठे न्यायशुल्क. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली आणि वाट सोपी झाली. तरी १९७९ मध्ये हरियाणा सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते कशासाठी? बसखाली मेलेल्या माणसाच्या विधवेकडून आणि मुलीकडून न्यायशुल्क मिळावे म्हणून. न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारची ही भूमिका कठोर शब्दांत फेटाळली.

११/१६
आता मूळ प्रश्न : तिऱ्हाईत कोण? १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली. आत बसलेला प्रवासी मेला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गाडी रस्ता सोडून झाडावर जाते हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि मालक कंपनी जबाबदार आहे. मात्र भाडे न देता खाजगी मोटारीत बसलेल्या प्रवाशासाठी विमा घेण्याची कायद्याने सक्ती नव्हती. म्हणून विमा कंपनीची जबाबदारी पॉलिसीत लिहिलेल्या १५,००० रुपयांपुरतीच राहिली. रस्त्यावरचा अनोळखी माणूस तिऱ्हाईत ठरला, शेजारच्या आसनावरचा ओळखीचा माणूस मात्र ठरला नाही.

१२/१६
त्याच १९७७ साली मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. रात्रीच्या रस्त्यावर मेलेल्या मजुराच्या बायकोने साक्षीदार कोठून आणावा? १९८२ मध्ये संसदेने उत्तर दिले. चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये आधी मिळतील. पळून गेलेल्या गाडीच्या बळींसाठीही निधी झाला. रकमा लहान होत्या. पण चूक सिद्ध न करताही काही मिळू शकते, हे तत्त्व त्यातून कायद्यात शिरले.

१३/१६
१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत ट्रक व मोटार हा भेद काढून विम्याची जबाबदारी अमर्याद केली. १९९४ मध्ये वय आणि उत्पन्नावरून भरपाई काढण्याचा तक्ता आला. त्या तक्त्यात गृहिणीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरले होते. स्वयंपाक, मुले, दुखणीबाणी हे सगळे मिळून एक तृतीयांश! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे असे मोल करण्यावर कडक टीका केली.

१४/१६
विमा कंपनी ‘आमच्या अटी मोडल्या’ म्हणून हात झटकू शकते का? १९८७ चा स्कँडिया विमा कंपनीचा खटला पाहा. ट्रकचालक इंजिन चालूच ठेवून उतरला, परवाना नसलेल्या क्लीनरने ट्रक हाकला आणि माणूस मेला. न्यायालयाने म्हटले : मालकाने परवानाधारक चालक नेमला होता, अट त्याने मोडलेली नाही, कंपनीने पैसे द्यावेत. २००४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही दिशा पक्की केली. मालकाचा दोष असला, तरी अनेक प्रकरणांत कंपनीने आधी तिऱ्हाइताला रक्कम द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची. दोघांच्या भांडणाची किंमत तिसऱ्याने मोजू नये, हा त्यामागचा विचार.

१५/१६
अलीकडचे दोन टप्पे. पहिल्या वर्षानंतर अनेक जण विम्याचे नूतनीकरणच करत नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा ‘थर्ड पार्टी’ विमा घ्यावा लागतो. दुसरा टप्पा उलट्या दिशेचा आहे. १९९४ मध्ये दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची केली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. या मर्यादेला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण घरात मृत्यू झालेल्यांनी त्या भरवशावर थांबू नये. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा.

१६/१६
आता खणातला कागद काढून वाचा. त्यावर केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर तुमच्या गाडीने धडक दिलेला पादचारी, सायकलस्वार, समोरच्या गाडीतले लोक त्यात येतात. तुमची स्वतःची गाडी येत नाही. तुम्हीही येत नाही; मालक-चालकासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो. आणि तुमच्या दुचाकीवर मागे बसलेला मित्र किंवा मोटारीतली बहीणसुद्धा या सक्तीच्या विम्यात येत नाही, असे न्यायालयांनी सांगितले आहे. त्यांच्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी किंवा वाढीव संरक्षण लागते. १९६० मधील त्या प्रवाशाचा प्रश्न पुष्कळ अंशी अजून तसाच आहे. हा विमा आपल्यासाठी नाही म्हणून तो टाळणाऱ्यांना एवढेच सांगायचे : गाडीतून उतरून रस्ता ओलांडू लागलो की दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावरचे तिऱ्हाईत आपणच असतो.