बाणाचे विष आणि कापसाचे बोंड



भाषेच्या अध्यापकाने जीवाणूंच्या विषावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनीही तो दोनदा विचारून घेतला. परंतु 'टॉक्सिन' या शब्दानेच मला या वाटेला लावले. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील धनुष्यवाचक शब्दात आहे. 'टॉक्सिकॉन' म्हणजे बाणाच्या टोकाला लावावयाचे, नेम धरून सोडावयाचे विष. काही जीवाणूंची विषप्रथिने या व्युत्पत्तीला विलक्षण जागतात. वैद्यकाने त्यांतील काहींना औषधाच्या कपाटात जागा दिली. घटसर्पाच्या जीवाणूचे विष निर्वीर्य करून त्याची लस झाली. बोट्युलिनमचे विष १९८९ मध्ये अमेरिकेत नेत्रविकारांवरील औषध म्हणून मान्य झाले. या कथा बहुतेकांना ठाऊक असतात. दवाखान्याऐवजी शेतात गेलेल्या विषाची कथा मात्र आपल्या दाराशी घडूनही इतिहास म्हणून फारशी सांगितली जात नाही. ते विष म्हणजे 'बीटी'. ही दोन अक्षरे आज कापूस पिकवणाऱ्या कोणत्याही गावात मराठी शब्दासारखी वापरली जातात.

हिचा आरंभ जपानात होतो. १९०१ मध्ये शिगेताने इशिवाता हे संशोधक रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा शोध घेत होते. पाने खाता खाता किडे अकस्मात कोसळत, म्हणून त्या रोगाला 'सोत्तो' असे नाव होते. इशिवातांना मेलेल्या किड्यांत एक जीवाणू सापडला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीत अर्न्स्ट बेर्लिनर यांना थुरिंगिया प्रांतातील एका गिरणीच्या पिठात, तेथील पतंगाच्या अळ्यांत तसाच जीवाणू आढळला. त्यांनी त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. एकाला रेशीमकिडा वाचवावयाचा होता, दुसऱ्याच्या समोर पीठ नासवणारी अळी होती. एकाच जंतूकडे एकाने रोग म्हणून पाहिले आणि पुढच्यांनी शस्त्र म्हणून. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची भुकटी 'स्पोरेइन' या नावाने विक्रीस आली.

विष नेमके कोठे असते, हे कळावयास मात्र बराच काळ गेला. कॅनडात १९५३ मध्ये हॅने यांनी जीवाणूच्या बीजाणूशेजारी असलेल्या हिऱ्याच्या आकाराच्या स्फटिकाकडे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी अँगस यांनी दाखवले की, तो स्फटिक अल्कधर्मी द्रवात विरघळतो आणि रेशीमकिड्याला मारतो. येथे या विषाचे मर्म आहे. अळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, पाचक द्रव्ये प्रथिनाचा लांबट रेणू कापून अर्ध्यावर आणतात आणि उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटतो. मग पेशीच्या पटलाला छिद्रे पडतात, ती फुगून फुटते. अळी खाणे थांबवते आणि मरते. मनुष्याच्या जठरात आम्ल असते आणि आपल्या आतड्यात ते ग्राहकही नाहीत. कुलूप ठाऊक असलेली ही किल्ली आहे.

हा नेम किती सूक्ष्म असतो, याचे आणखी एक उदाहरण सांगतो. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील आटत चाललेल्या एका डबक्यात १९७६ मध्ये या जीवाणूचा जो प्रकार मिळाला, तो डासांच्या आणि काळ्या माश्यांच्या अळ्यांना मारतो, पतंगांच्या अळ्यांना नाही. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाविरुद्धच्या मोहिमेत तो वापरला गेला.

पिकांवर मारावयाच्या भुकटीत एक उणीव होती. उन्हात तिचे सामर्थ्य थोड्या दिवसांत संपे, आणि बोंड पोखरून आत शिरलेल्या अळीपर्यंत ती पोहोचतच नसे. विक्रेत्यांना हा दोष वाटला. मला तो तिचा मोठा गुण वाटतो. बाण सुटे, लागे आणि नाहीसा होई. त्याला सरावण्यास अळीला फारशी सवड मिळत नसे.

१९८१ मध्ये सिअॅटलच्या विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी या विषाचे जनुक वेगळे काढले. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी ते तंबाखूच्या रोपात घातले. त्याचा वृत्तान्त १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु रोपात विष फारच थोडे तयार होई. याचे कारण ऐकले, तेव्हा माझ्यातील भाषेचा अध्यापक जागा झाला. जनुकाची लिपी तीन तीन अक्षरांच्या शब्दांची असते. असे ६४ शब्द आहेत आणि त्यांतून २० अमिनो आम्ले सांगावयाची असतात, म्हणजे एका अर्थाला अनेक पर्यायी शब्द. जीवाणूला जे शब्द आवडतात, ते वनस्पतीच्या वापरातले नसतात. मोन्सँटो कंपनीतील पर्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारे जनुक वनस्पतीच्या बोलीत पुन्हा लिहिले. प्रथिन जवळजवळ तेच राहिले, शब्द बदलले. १९९१ मध्ये त्यांनी नोंदवले की, विषाचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढले. इतके फलदायी भाषांतर माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

असा कापूस अमेरिकेत १९९६ मध्ये शेतात आला. आता विष झाडाच्या पानापानांत, बोंडाबोंडांत, पेरणीपासून वेचणीपर्यंत. बाणाचे रूपांतर तटबंदीत झाले. तटबंदीला वेढा घालणारे काळाने शिडी शोधतात, हे तेथील कीटकशास्त्रज्ञांनी आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी एक युक्ती योजली. शेताच्या काही भागात साधा कापूस लावावयाचा आणि तो अळ्यांना खाऊ द्यावयाचा. विषाला पुरून उरलेला एखादा पतंग निघालाच, तर त्याची जोडी साध्या कापसावर वाढलेल्या असंख्य दुबळ्या पतंगांपैकी एकाशी जमेल आणि त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडेल. शत्रूला वाटा देऊन त्याचा दुबळेपणा राखावयाचा, अशी ही योजना होती.

आपल्याकडे २००१ च्या शरदात गुजरातेत अहमदाबादच्या एका बियाणे कंपनीचा परवानगीवाचून विकलेला बीटी कापूस हजारो एकरांत उभा असल्याचे उघड झाले, आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. अट अशी की, भोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा क्षेत्राचा वीस टक्के भाग, यांपैकी जे अधिक असेल ते लावावे. ४५० ग्रॅम बीटी सरकीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीचे दुसरे पाकीट येई.

आरंभीची वर्षे भरभराटीची होती. देशाचे कापसाचे उत्पन्न २००१-०२ मध्ये हेक्टरी सुमारे ३०८ किलो रुई होते, ते २००७-०८ मध्ये ५५४ किलोंवर गेले. त्यातला वाटा एकट्या बीटीचा किती, आणि पाऊस, खते, नवी बियाणी यांचा किती, यावर विद्वान अद्याप भांडतात. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे मात्र शेतकऱ्याने स्वतः अनुभवले. पाहता पाहता देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला.

आणि ते दुसरे पाकीट? बहुतेकांनी ते पेरले नाही. यासाठी शेतकऱ्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. पाच एकर कोरडवाहू जमीन असलेल्याने एक एकर अळीला वाहावा, ही अपेक्षा मोठाल्या अमेरिकी शेतांवरून उचललेली होती. शिवाय त्या पाकिटातील बी अनेकदा भलत्याच प्रतीचे निघे. आपल्या वडोदऱ्यापासून दक्षिणेस सुरतेला १९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हे जगातील पहिले व्यापारी संकरित कापसाचे वाण सिद्ध केले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण बीटी जनुक संकरितांत गेल्यामुळे एकाच बोंडात काही सरक्या विषाच्या, काही बिनविषाच्या, असे झाले आणि अर्धवट सरावलेली अळी जगू लागली. त्यात फरदड घेण्याच्या हव्यासाने पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभे राहू लागले.

अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा असे बरेच काही खाते. तिला आश्रय आपोआप मिळत होता. गुलाबी बोंडअळीचे जवळजवळ सारे आयुष्य कापसावर. तिला दुसरे घरच नव्हते, म्हणून तीच आधी सरावली. गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत एका विषप्रथिनाला ती दाद देत नाही, हे मार्च २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. २००६ मध्ये आलेले दोन विषांचे वाण २०१५ च्या सुमारास तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे आतून कुजली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. योगायोग पाहा. बीटी कापसातील विषे ज्या 'कुर्स्ताकी' उपजातीची, तिचा सर्वांत प्रसिद्ध वाण 'एचडी-१' टेक्सासमध्ये डलमेज यांना मिळाला होता, तो गुलाबी बोंडअळीच्या आजारी अळ्यांतूनच.

तीच अळी आणि तेच विष असता इतरत्र निराळे घडले. अॅरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रयाच्या ओळी वर्षानुवर्षे पाळल्या. २००६ पासून तेथे विमानांतून कोट्यवधी वांझ पतंगही सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. चीनच्या यांग्त्से खोऱ्यात शेतकरी संकरितांच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बी पेरू लागले. त्यात पाव हिस्सा झाडे आपोआप बिनविषाची निघत, आणि वाढू लागलेली प्रतिकारशक्ती मागे हटली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी योजलेले नसता ते घडले.

आपल्याकडेही पुढे दोन पाकिटांऐवजी एकाच पाकिटात थोडे साधे बी मिसळून देण्याची पद्धत आली. दोन्ही सरक्या सारख्याच दिसतात. त्यामुळे अळीचा वाटा आता शेतकऱ्याला निवडून बाजूला काढता येत नाही.