गाडीला अर्थ नाही

आमच्या घराण्यात वारसाहक्कानं तीन गोष्टी येतात. मधुमेह, टक्कल आणि मामांची फटफटी. पहिल्या दोन्ही माझ्याकडे वेळेवर आल्या. त्यांना ना मृत्युपत्र लागलं, ना स्पेअर पार्ट. तिसरी मात्र जिन्याखाली ताडपत्री पांघरून वीस वर्षं उभी होती. १९६८ सालची जावा, अडीचशे सीसी, म्हैसूरची पैदास.

मामांनी एक्याऐंशीव्या वाढदिवसाला ती माझ्या हवाली केली आणि एकच अट घातली. "मला एकदा संध्याकाळी लाइट लावून कॅम्पात चक्कर मारून आण. हातपाय चालताहेत तोवर." मी म्हटलं, "मामा, महिन्याभरात!"

आता शहाण्या माणसानं आधी इंजिन पाहिलं असतं. मी आधी रंग दिला. पेंटरही असा भेटला की त्यानं हातचं काही राखलं नाही. सांगाडा, कंस, नटबोल्ट, वायर जिथे आवळतात ती जागा, सगळीकडे झकास मरून रंगाचे तीन-तीन हात. गाडी अशी दिसायला लागली की शेजारच्या आजी तिला हळदीकुंकू लावून गेल्या.

मग मी किक मारली. इंजिन सुरू झालं, पण दिवा लावला की फुस्स. हॉर्न दाबला तर हॉर्न वाजायचा नाही, हेडलाइट लुकलुकायचा. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागण्याऐवजी पुढचा मंद व्हायचा. सरकारी कचेरीत अर्ज एका टेबलावर द्यावा आणि उत्तर भलत्याच टेबलावरून यावं, तसा कारभार.

गाडी टेम्पोत घालून नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी तोंडातलं पान सांभाळत दिवा लावला, हॉर्न दाबला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, गाडीला अर्थ नाही." वर स्क्रूड्रायव्हरनं जमिनीकडे बोट दाखवलं.

म्हणजे काय, मातीत घालू? माझं डोकंच फिरलं. एवढा रंग दिलेली गाडी आणि हा म्हणतो अर्थ नाही! मी त्याच टेम्पोतून गाडी परत आणली.

मामांना सांगितलं, तर ते माझ्यापेक्षा भडकले. "अर्थ नाही? त्याला म्हणावं, तुला जावाचा इतिहास ठाऊक आहे का?" आणि मला तो इतिहास ऐकावा लागला. पुढे पडताळून पाहिला. मामांच्या इतर कथांच्या मानानं तो पुष्कळच खरा निघाला.

प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला बॉम्बगोळ्यांव्यतिरिक्त काहीतरी करावंसं वाटलं. वांडरर ही जर्मन कंपनी तेव्हा मोटरसायकलींचा धंदा आवरत होती. यानेचेकनं तिच्या गाडीचे हक्क घेतले आणि यानेचेकचा 'जा' व वांडररचा 'वा' जोडून १९२९ साली 'जावा' काढली. माहेर-सासरचं जोडआडनाव लावण्याची पद्धत आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढे १९३९ मध्ये नाझी आले. मोटरसायकली बनवण्याचं काम बंद पडलं. पण तिथले इंजिनियर नाझींच्या नाकावर टिच्चून चोरून अडीचशे सीसीची नवी गाडी घडवत राहिले. युद्ध संपलं आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्या गाडीनं सुवर्णपदक मिळवलं. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा, ही त्या काळी नवलाईच होती. यानेचेक १९४१ मध्येच वारला होता, त्याला काही हे पाहायला मिळालं नाही.

"माणसानं उशीर करू नये तो यासाठी," मामा माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले.

जावा आपल्याकडे आली ती परकीय चलनाच्या टंचाईमुळे. बाहेरून गाड्या आणायला बंदी, तेव्हा इथेच करा, असा सरकारी खाक्या. मद्रासला एनफिल्ड १९५५ मध्ये उभी राहिली होती. रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किल्ली म्हणजे प्लास्टिकचं डोकं लावलेला खिळाच, कुणाचीही कुणालाही लागायची. समाजवादी देशातून आलेली गाडी, किल्लीत खाजगी मालमत्ता कशी असेल? १९७३ पासून टाकीवरचं नाव बदलून 'येझदी' झालं, इराणातल्या यझ्द शहरावरून. इराण्यांनी आपल्याला दोन गोष्टी दिल्या. एक बनमस्का आणि दुसरी येझदी. दोन्हींचे डाग शर्टावरून निघत नाहीत.

एवढा इतिहास पोटात घेतल्यावर गाडीला अर्थ आहे हे सिद्ध करणं मला भागच होतं. मी सुट्या भागांच्या मागे लागलो.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली होती. एक पेट्रोल वाचवायची, दुसरी पळायची. दुधात पाणी घालावं तसं पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालवायची जड, धुराची गाडी त्या दोघींपुढे मागे पडली. वर प्रदूषणाचे नियम कडक झाले. कारखाना गेला तसे त्याचे भाग देशभर पांगले, फाळणीत नातेवाईक पांगावेत तसे. मी बुधवार-रविवार जुन्या बाजारात जाऊ लागलो. तिथे डायनॅमोचा आर्मेचर मिळाला, तो निघाला पंपाचा. कुर्ल्याच्या भंगारात कटआउट मिळाला, त्याचे पॉइंट जळालेले. दुकानदार 'ओरिजिनल' म्हणाला की माल डुप्लिकेट असतो, 'ओरिजिनलसारखा' म्हणाला की डुप्लिकेटचा डुप्लिकेट असतो आणि 'साहेब, तुमच्यासाठी ठेवलाय' म्हणाला की तो कुणीच घेतलेला नसतो, एवढं ज्ञान मला पदरमोड करून झालं. शेवटी म्हैसूरहून एकानं पार्सलनं जुना कंपनीचा डायनॅमो पाठवला. त्याची किंमत मी सौभाग्यवतींना अजून सांगितलेली नाही. हा लेख तिच्या हाती पडू नये म्हणून आकडा इथेही देत नाही.

तो बसवला. दिवा पूर्वीसारखाच मंद. कार्बन बदलले, पॉइंटचा गॅप फिलर गेजनं चार दशांश मिलिमीटर लावला, बॅटरी नवी घेतली. परिस्थिती जैसे थे. बघता बघता वर्ष उलटलं.

अखेर मी सगळे भाग पिशवीत भरून, गाडी टेम्पोत घालून, नाना पेठेतल्या त्याच मिस्त्रींसमोर उभा राहिलो. म्हटलं, "घ्या! आता तरी गाडीला अर्थ आहे का?"

मिस्त्रींनी पुन्हा दिवा लावला. "नाही."

मग ते उठले. बॅटरीची वायर सांगाड्याला जिथे आवळली होती तिथला नट काढला, पॉलिश पेपरनं माझा तो मरून रंग पार खरवडून लोखंड उघडं केलं, वायर पुन्हा आवळली. हेडलाइटच्या भांड्यातून सांगाड्यापर्यंत एक वेगळी वायर ओढली. काम दहा मिनिटांचं. दिवा लावला आणि समोरच्या दुकानातला माणूस डोळ्यांवर हात घेऊन शिव्या द्यायला लागला.

"अर्थ, साहेब, अर्थ! अर्थिंग!" मिस्त्री म्हणाले. "मी मागच्या वर्षीच बोललो. तुम्ही रागावून गेलात."

त्यांनी मला जे समजावलं ते असं. मोटरसायकलीत वीज जायला वायर असते, परत यायला मात्र गाडीचं लोखंडच. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यालाच अर्थ म्हणायचं. रंगातून वीज जात नाही. परतीची वाट बंद झाली की ती बिचारी मिळेल त्या आडवाटेनं, हॉर्नमधून, दुसऱ्या दिव्यातून घरी यायला बघते. म्हणून हॉर्न दाबला की दिवा लुकलुकायचा. त्यातून ही गाडी सहा व्होल्टची. पस्तीस वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अँपिअरही लागत नाहीत, सहावर जवळजवळ सहा लागतात. एखाद्या गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट अडकला तर बाराच्या गाडीला पत्ताही लागत नाही, सहाच्या गाडीचा पाव उजेड जातो. डायनॅमो तरी केवढा? पंचेचाळीस वॅटचा. आमच्या न्हाणीघरातला जुना पिवळा बल्बसुद्धा साठचा होता. गरिबाच्या संसारात एक नाणं हरवलं तरी कळतं, तसं.

"जुन्या गाडीत आधी जोड बघायचे, मग पार्ट," असं म्हणून मिस्त्रींनी पन्नास रुपये घेतले. माझी पिशवी पाहून म्हणाले, "हे कुणाला तरी देऊन टाका. लोक हुडकत असतात."

जावाचं नाव २०१८ मध्ये पुन्हा रस्त्यावर आलं. पण ती गाडी चार स्ट्रोकची, बारा व्होल्टची आणि बटणावर सुरू होणारी. ती नक्कीच चांगली असेल. मात्र त्या म्हाताऱ्यानं स्क्रूड्रायव्हर जमिनीकडे करून सांगितलेलं दोन शब्दांचं निदान मी ऐकून घेतलं नाही, ही चूक तिच्या बटणानंही दुरुस्त होणारी नव्हती.

कारण त्या एका वर्षात मामांचे गुडघे गेले. सीटवर टांग टाकणं त्यांना जमेना. कॅम्पातली चक्कर राहिली ती राहिलीच. एका संध्याकाळी आम्ही त्यांची खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली आणि मी दिवा लावून त्यांच्याभोवती गाडी फिरवू लागलो. निळा धूर, तो जुना फटफटाट आणि मध्ये शाल पांघरलेले मामा. ते काही बोलेनात. माझ्या पोटात कालवलं. वाटलं, म्हातारा आता रडणार, मग मीही रडणार आणि रंगावर डाग पडणार.

तिसऱ्या फेरीला मामांनी हात वर केला. मी गाडी थांबवली. त्यांनी डोळे बारीक करून दिव्याकडे पाहिलं आणि खेकसले,

"डिपर मार की रे गाढवा, डोळ्यांवर येतोय!"