खांदेदुखी : व्यायामाधारित पुनर्वसन (मिहान, नागपूर)

दुखरा, आखडलेला किंवा कमजोर झालेला खांदा बेताबेताने वाढवलेल्या व्यायामांनी पुन्हा कामाला लावण्याची उपचारपद्धती. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा मार्गालगत असलेल्या मिहान प्रकल्पात तिची गरज दोन कारणांनी पडते. पहिले म्हणजे येथे २०१५ पासून एअर इंडियासाठी उभारलेला विमान-दुरुस्ती तळ आहे. हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास करावे लागणारे काम हे खांदेदुखीचे मान्य कारण आहे आणि विमानाच्या पोटाखाली असे काम पुष्कळ असते. दुसरे कारण म्हणजे याच परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स), जिथे लांबून रुग्ण येतात. तिची पहिली तुकडी २०१८ मध्ये ‘मेडिकल’च्या म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बसली. मिहानमध्ये बाह्यरुग्ण विभाग २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते संस्थेचे लोकार्पण झाले. पुनर्वसन-वैद्यकाचा स्वतंत्र विभाग तेथे आहे.

खांदा हा उखळीचा सांधा. पण उखळ फार उथळ असते. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, मात्र सांधा जागेवर ठेवण्याचा भार मुख्यतः स्नायूंवर येतो. सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांना मिळून ‘रोटेटर कफ’ (पुढे नुसता ‘कफ’) म्हणतात आणि बहुतेक खांदेदुखी त्यांचीच असते. फ्रोजन शोल्डर हा वेगळा प्रकार. त्यात सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते. तो साधारण चाळिशी ते साठीत, स्त्रियांत अधिक आणि मधुमेहींत विशेष दिसतो. कफच्या दुखण्यात हात स्वतः उचलताना कळ येते, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हलवला तरी तो फारसा हलत नाही. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवणे तर जवळजवळ बंद होते. वेणी घालणे, शर्टाची बाही चढवणे, फळीवरचा डबा काढणे अडू लागले की लोक दवाखाना गाठतात.

तिथे पुष्कळांची अपेक्षा ‘शेक’ची असते. दहा दिवस यायचे, यंत्राखाली खांदा धरायचा, करंट लावून घ्यायचा आणि घरी जायचे. शेकाने तात्पुरता आराम पडतो हे खरे, पण कंडरा बळकट होत नाही. ते काम व्यायामाचे. दुखणे तीव्र असताना पुढे वाकून हात सैल सोडून झुलवतात. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये रूढ केले. पुढे बोटांनी भिंत चढणे, काठी दोन्ही हातांत धरून दुखऱ्या हाताला चांगल्या हाताने ढकलणे, कप्पीच्या दोरीने हात वर नेणे. मग रबरी पट्टी ओढून बळ वाढवणे, सोबत पाठीच्या पात्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणका राहिला तर मात्रा जास्त झाली असे समजावे. फरक पडायला कफच्या दुखण्यात साधारण तीन महिने द्यावे लागतात. फ्रोजन शोल्डर त्याहून हट्टी. त्यात घाईने जोर लावला तर दुखणे वाढते.

शस्त्रक्रियेचा दबदबा गेल्या काही वर्षांत ओसरला आहे. हाडाची कड तासून कंडरेला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया १९७२ नंतर जगभर पसरली. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३१३ रुग्णांच्या चाचणीत खरी शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बिणीची तपासणी यांचा परिणाम सारखाच निघाला. एका अमेरिकी अभ्यासात, इजा न होता झिजून कफ फाटलेल्या रुग्णांपैकी व्यायामानंतर दोन वर्षांत चौथ्या हिश्शाहूनही कमी लोकांना शस्त्रक्रिया करावी लागली. मिहानच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाची चाचणी २०२१ ची आहे. कफच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहापर्यंत भेटी दिल्या, तर काहींना एकच सविस्तर भेट आणि घरी करायचे व्यायाम. वर्षभरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा फायदाही सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरताच दिसला.

गडचिरोली किंवा बालाघाटहून आलेल्या माणसाला रोज शेकायला बोलावणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणे. नीट शिकवलेले तीन-चार व्यायाम, मराठीत किंवा हिंदीत लिहिलेला कागद आणि दीड महिन्यांनी एक तपासणी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. त्या पहिल्या भेटीला पुरेसा वेळ देणे मात्र दवाखान्याचे कर्तव्य आहे. गर्दीत नेमके तेच राहून जाते.

पडल्यानंतर हात अजिबात उचलता न येणे, ताप व सुजेसह दुखणे, रात्रीचे न थांबणारे दुखणे आणि घटते वजन, किंवा डाव्या खांद्याच्या कळेबरोबर घाम व धाप यांपैकी काहीही असेल तर व्यायाम करू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी खांदा आखडू लागताच रक्तातील साखरही तपासून घ्यावी.