सेबल बेटावरचे घोडे : जहाजफुटीची आख्यायिका आणि एका हद्दपारीचा इतिहास

पर्यटकांचे जहाज किनाऱ्यापासून बरेच दूर नांगर टाकते. बेटाला धक्का नाही, बंदर नाही, आणि पाण्याखालची वाळू गेल्या खेपेपासून कुठे सरकली असेल याचा नेम नाही. प्रवासी बुटांचे तळवे घासून धुतात, कपड्यांना चिकटलेले गवताचे बी वेचून काढतात आणि रबरी बोटींतून लाटांचे तडाखे खात किनाऱ्याला लागतात. काही तास वाळूत पायी हिंडायचे आणि त्याच दिवशी परतायचे. मुक्कामाला परवानगी नाही. धुके दाटले किंवा लाटा उसळल्या, तर एवढेही घडत नाही. बेट डेकवरूनच पाहून जहाज पुढे निघते.

हे कॅनडाचे सेबल बेट. हॅलिफॅक्स शहराच्या आग्नेयेस सुमारे ३०० किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये. लांबी सुमारे ४० किलोमीटर आणि रुंदी सर्वांत जास्त असेल तिथेही जेमतेम दीड किलोमीटर. आकार चंद्रकोरीचा. हिमयुगातील हिमनद्यांनी समुद्रतळावर आणून टाकलेल्या वाळूचा पाण्याबाहेर उरलेला हा माथा. फ्रेंच भाषेत वाळूला ‘साब्ल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

या वाळूवर सुमारे ५०० रानटी घोडे राहतात. ठेंगणे, आखूड मानेचे, लांब आयाळीचे. त्यांना कोणी दाणा घालत नाही, नाल ठोकत नाही, आजारी पडले तर औषध देत नाही. वाळूच्या टेकड्यांखाली पावसाचे गोडे पाणी साचते. तळी आटली की घोडे खुरांनी वाळू उकरून ते पितात. येणारा प्रत्येक प्रवासी मुख्यत्वे त्यांच्यासाठीच येतो.

हे घोडे आले कुठून, याचे एक उत्तर जगभर प्रसिद्ध आहे. जुनी जहाजे वादळात फुटली, माणसे बुडाली, घोडे मात्र पोहत वाळूला लागले. उत्तर ऐकायला फार सुंदर आहे. १५८३ पासून आजवर साडेतीनशेहून अधिक जहाजे या बेटाच्या परिसरात फुटल्याची नोंद असल्यामुळे ते पटतेही चटकन. पण आज दिसणाऱ्या कळपांचे मूळ कोणत्याही फुटलेल्या जहाजात नाही.

या बेटावर माणसेही फारशी स्वखुशीने आलेली नाहीत. १५९८ मध्ये मार्की द ला रोश या फ्रेंच सरदाराने येथे वसाहत मांडली. त्यासाठी त्याने आणलेली माणसे बहुतांशी तुरुंगातली आणि भिकारी-बेघरांतली होती, सोबत थोडे सैनिक. सुमारे ५० जणांना वाळूवर उतरवून ला रोश परतला. पुढची काही वर्षे फ्रान्सहून रसद येत राहिली. १६०२ मध्ये ती आलीच नाही. माणसांनी आपल्या अधिकाऱ्यांना ठार मारले, मग एकमेकांना मारले. १६०३ मध्ये जहाज आले तेव्हा ११ जण जिवंत होते, सीलच्या कातड्यांत गुंडाळलेले. त्यांना राजा चौथा हेन्री याच्यासमोर उभे करण्यात आले. शिक्षा होईल अशी अपेक्षा असता राजाने प्रत्येकाला ५० एक्यू बक्षीस दिले.

त्यानंतर शंभरावर वर्षे बेटाचा उपयोग प्रामुख्याने सील आणि वॉलरस मारणाऱ्यांनी केला. १७३०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनचे एक धर्मोपदेशक, आंद्रे ल मर्सिए, यांनी येथे जनावरे सोडली. त्यांत घोडेही होते. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्यांना अन्न मिळावे, हा त्यांनी सांगितलेला हेतू. पण येणाऱ्या-जाणाऱ्या मच्छीमारांनी ती जनावरे चोरून नेली. चोर पकडून देणाऱ्यास इनाम देण्याची जाहिरातही ल मर्सिए यांनी बॉस्टनमध्ये दिली होती. उपयोग झाला नाही.

आता मुख्य प्रकरण. त्यासाठी बेट सोडून जवळच्या मुख्य भूमीवर, नोव्हा स्कोशियात, यावे लागते.

सतराव्या शतकापासून तेथे फ्रेंच शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांना अकेडियन म्हणत. फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. तेथील खाऱ्या दलदलीला बांध घालून, समुद्राचे पाणी अडवून या लोकांनी सुपीक शेते तयार केली होती. कोकणातील खारभूमी किंवा गोव्यातील खाजणे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे तंत्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. बांधाखालच्या झडपा ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला आपोआप मिटतात. दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुपून जाते आणि गहू पिकू लागतो.

१७१३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. अकेडियन तेथेच राहिले, पण इंग्लंडच्या बाजूने शस्त्र धरण्याची शपथ घ्यायला ते तयार नव्हते. फ्रान्सच्या बाजूने लढण्याचीही त्यांतील बहुतेकांची इच्छा नव्हती. तटस्थ राहू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. चाळीस वर्षे हे कसेबसे चालले. फ्रान्सशी पुन्हा युद्ध पेटत असताना, २८ जुलै १७५५ रोजी, हॅलिफॅक्स येथील गव्हर्नरच्या मंडळाने त्यांना हद्दपार करण्याचा निर्णय घेतला.

५ सप्टेंबर १७५५. ग्रां प्रे गावातील पुरुष आणि दहा वर्षांवरील मुले चर्चमध्ये बोलावली गेली. कर्नल जॉन विन्स्लो यांनी हुकूम वाचून दाखवला. जमीन, घरे, गुरेढोरे आणि सर्व प्रकारची जनावरे सरकारजमा झाली आहेत. रोख पैसा आणि बरोबर नेता येईल तेवढे घरसामान ठेवता येईल. चर्चची दारे बंद होती, बाहेर पहारा होता. १७५५ ते १७६३ या काळात दहा हजारांच्या आसपास अकेडियन अशा रीतीने उखडले गेले. जहाजांतून त्यांना वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहतींत विखरून टाकण्यात आले, पुढे काहींना इंग्लंड आणि फ्रान्समध्येही. रोगराईने आणि जहाजे बुडून हजारो मेले. मागे राहिलेली गुरे आणि घोडे हिवाळ्यात मोकाट फिरत होती.

या माणसांना वाहून नेण्यासाठी जहाजे लागत होती. ती पुरवण्याचे कंत्राट बॉस्टनच्या ज्या पेढीकडे होते, तिचा एक भागीदार टॉमस हॅनकॉक. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील सर्वांत ठसठशीत सही ज्याची, त्या जॉन हॅनकॉकचा हा चुलता. आई-वडिलांच्या जागी राहून त्यानेच जॉनला वाढवले.

१७६० च्या सुमारास याच टॉमस हॅनकॉकने सेबल बेटावर जनावरे पाठवली. गाई, मेंढ्या, शेळ्या, डुकरे आणि सुमारे ६० घोडे. हे घोडे अकेडियनांच्या जप्त केलेल्या जनावरांपैकी असावेत, असे इतिहासकार मानतात. कंत्राटामुळे त्या जनावरांपर्यंत त्याचा हात सहज पोहोचत होता. बाकीची जनावरे काळाच्या ओघात संपली. वाऱ्यापुढे टिकले ते घोडे. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जात सुधारण्यासाठी बाहेरून काही नर घोडे आणून सोडण्यात आले. तरी कळपाचे मूळ हेच.

आख्यायिकेतला घोडा वादळातून स्वतः पोहत येतो. त्या कथेत कोणी मालक नाही, कोणाचे काही हिरावलेले नाही, दोष असलाच तर समुद्राचा आहे. प्रत्यक्षातल्या घोड्याला मालक होता. तो मालक जहाजात बसवून दक्षिणेकडे धाडला गेला आणि घोडा पूर्वेकडे. आख्यायिका लबाडीने रचलेली आहे असे म्हणण्याचे कारण नाही. साडेतीनशे फुटलेल्या जहाजांच्या शेजारी ती आपोआप उगवते. पण तिच्यामुळे ग्रां प्रेचे चर्च नजरेआड होते, हेही खरे.

घोड्यांच्या नशिबी पुढे कष्टही आले. डिसेंबर १७९९ मध्ये ‘फ्रान्सिस’ हे जहाज सेबल बेटावर फुटले. त्यात ड्यूक ऑफ केंट, म्हणजे पुढे राणी झालेल्या व्हिक्टोरियाचे वडील, यांचे सामान होते. एकही माणूस वाचला नाही. किनाऱ्याला लागलेल्यांना लुटारूंनी मारले, अशी कुजबुज हॅलिफॅक्समध्ये सुरू झाली. एका मृत स्त्रीचे बोट अंगठीसाठी कापले गेले आणि तिचे भूत बेटावर फिरते, ही कथा तेव्हापासूनची. भुताचे काहीही असो, सरकार हलले. १८०१ मध्ये नोव्हा स्कोशियाने बेटावर कायमचे बचाव-ठाणे उभारले आणि जेम्स मॉरिस हा त्याचा पहिला अधीक्षक झाला.

ठाण्यावरची माणसे खराब हवेत किनाऱ्यावर गस्त घालीत. बसायला घोडा याच कळपांतून पकडलेला. जहाज रुतलेले दिसले की बचावाची जड होडी वाळूवरून ओढत न्यायची, तीही घोड्यांनीच. १८५३ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांच्या सुधारणेसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन समाजसेविका डॉरोथिया डिक्स बेटावर आल्या. त्यांच्या मुक्कामातच एक जहाज फुटले. ठाण्याच्या होड्या किती निकामी आहेत हे डोळ्यांनी पाहून त्या परतल्या आणि बॉस्टनमध्ये पैसे जमवून त्यांनी नव्या होड्या पाठवल्या. १८५४ मध्ये ‘अर्केडिया’ हे स्थलांतरितांचे जहाज रुतले, तेव्हा त्यांतील एका होडीतून दीडशेहून अधिक माणसे सुखरूप बाहेर काढता आली.

ठाण्याचा खर्च भागवण्यासाठी मधूनमधून घोडे पकडून हॅलिफॅक्सला विकायला नेत. १९०१ मध्ये बेट स्थिर करण्यासाठी ८०,००० हून अधिक झाडे लावण्याचा घाट घातला गेला. काही वर्षांत जवळजवळ सगळी वाळूत गेली. या वाळूने दीपगृहेसुद्धा पुन्हापुन्हा मागे हटवायला लावली आहेत. नौकानयनाची साधने सुधारली तशी जहाजफूट कमी झाली आणि १९५८ मध्ये बचाव-ठाणे बंद झाले. बेटावर हवामान-केंद्र राहिले. घोडे कोणाच्याच कामाचे उरले नाहीत.

सरकारी कागदावर ते ‘जादा मालमत्ता’ झाले. पकडून विकायचे असे १९६० मध्ये ठरले. त्यांचा शेवट पाळीव प्राण्यांच्या खाद्यात नाहीतर सरसाच्या कारखान्यात होणार, हे उघड होते. बातमी फुटली आणि कॅनडाभरातून शाळकरी मुलांनी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांना पत्रे लिहिली. विक्री थांबली. १९६१ मध्ये नियम करून घोड्यांना संरक्षण देण्यात आले. मोठ्यांच्या खात्यांनी दोनशे वर्षांत या घोड्यांकडे माल म्हणूनच पाहिले होते. तो हिशेब मोडला मुलांच्या पत्रांनी.

२०१३ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान-राखीव क्षेत्र झाले आणि २०१४ च्या उन्हाळ्यात पर्यटकांचे पहिले जहाज येथे थांबले. तेव्हापासून नियम ठरलेले आहेत. नाव आधी नोंदवायचे. घोडे आणि सील यांच्यापासून किमान २० मीटर दूर राहायचे. खायला घालायचे नाही, हात लावायचा नाही, शिंपलाही उचलून न्यायचा नाही. बूट धुण्याचे कारण घोड्यांच्या इतिहासाइतकेच साधे आहे. माणसाने आणलेले काहीही येथे रुजू शकते, आणि रुजले की ते परत कोणी नेत नाही.

घोडे येथे राहावेत की नाही, हा वाद पर्यावरण-अभ्यासकांत आजही आहे. काहींच्या मते ते माणसाने आणून सोडलेले परके चरणारे जनावर. ज्या गवतामुळे वाळू धरून राहते, तेच ते खातात. येथे घरटे करणाऱ्या इप्सविच चिमणीचे जवळजवळ सर्व प्रजनन याच बेटावर होते, तिचा विचार आधी करावा, असेही म्हटले जाते. दुसरा पक्ष म्हणतो, अडीचशे वर्षे वाळूवर काढलेल्या प्राण्याला परका कसे म्हणायचे? चिमणीची बाजू हलकी नाही. पण शेते बांधून, पिढ्यान्‌पिढ्या राहूनही जी माणसे परकी ठरवली गेली, त्यांच्या घोड्यांविषयी हा प्रश्न निघावा, हा योगायोग इतिहासाच्या वाचकाला चुकवता येत नाही.

हद्दपार अकेडियनांपैकी काही जण १७६४ नंतर परतले. त्यांचे बांध आणि शेते तोवर न्यू इंग्लंडमधून आणलेल्या वसाहतकऱ्यांना वाटली गेली होती. परतलेल्यांना खडकाळ किनारे मिळाले आणि ते मासेमारीकडे वळले. २००३ मध्ये ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने निघालेल्या घोषणापत्राने त्यांच्यावरील आघाताची अधिकृत नोंद घेतली. २००५ पासून दरवर्षी २८ जुलै हा त्या हद्दपारीचा स्मृतिदिन पाळला जातो. तो सेबल बेटाच्या पर्यटन-हंगामाच्या ऐन मध्यावर येतो. समुद्र शांत असेल तर त्या दिवशीही रबरी बोटी किनाऱ्याला लागू शकतात, आणि वीस मीटरवरून पाहणाऱ्यांसमोर घोडे वाळूतली मटकी उकरून पाण्यापर्यंत पोहोचत असतात.