लोहाऱ्याचे लोखंड आणि भिलाईची भट्टी

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्‌झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. लोहाऱ्याचे लोहखनिज उत्तम, शिवाय वरोऱ्याची कोळसाखाण फारशी दूर नाही. पोलादाचा कारखाना येथेच उभा राहील असे वाटावे, इतका हा योग जुळला होता.

अडले ते कोळशापाशी. झोतभट्टीत इंधन केवळ उष्णता देत नाही. वर रचलेल्या खनिजाचा भार पेलत वायूला वाटही मोकळी ठेवते. त्यासाठी कणखर, सच्छिद्र कोक लागतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा जळतो चांगला, पण त्याचा असा कोक होत नाही. या मुलखातील लोहार मातीच्या लहान भट्ट्यांत लाकडी कोळशावर लोखंड गाळत, कारण तेथे भारच थोडा असे. उंच भट्टीत तो कोळसा चिरडला जातो.

खाणविषयक नियम १८९९ मध्ये सैल झाल्यावर शोध पुन्हा सुरू झाला. चार्ल्स पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड यांनी दोराबजी टाटांसह चांद्याचे जंगल पालथे घातले. पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके खनिज हाती लागेना. निराश दोराबजी नागपूरला आले असता तेथील संग्रहालयात त्यांना प्रमथनाथ बोस यांचा भूवैज्ञानिक नकाशा दिसला. त्यावरून ते दल्ली-राजहरा डोंगरांपर्यंत पोहोचले. खनिज विपुल होते, तरी कारखाना अखेर साकचीला, म्हणजे जमशेदपूरला, गेला.

राजहऱ्याचे भाग्य उघडले ते अर्ध्या शतकानंतर, आणि तेही रशियन अभियंत्यांच्या हातून. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. टाटांनी सोडलेला डोंगर आता भिलाईला खनिज पुरवू लागला.

चंद्रपूरकडे या उद्योगाचे वेगळेच अंग आले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्टच्या विद्युत भट्ट्यांत फेरोमँगॅनीज होऊ लागले. वितळलेल्या पोलादातील प्राणवायू काढणारे आणि गंधकाला बांधून ठेवणारे हे मिश्रधातू. त्यांच्यावाचून भिलाईचेही चालत नाही. २०११ मध्ये हा कारखाना भिलाई चालवणाऱ्या ‘सेल’मध्येच विलीन झाला. ज्या कोळशाचा कोक होत नाही, त्यावर वीज मात्र उत्तम होते, हे येथे विसरू नये. घुग्घुसला तर स्पंज आयर्नसाठी असाच कोळसा चालतो.

म्हणूनच नजर पुन्हा जुन्या चांद्याच्या डोंगरांकडे वळली. २००७ मध्ये एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा खाणपट्टा दिला गेला. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, आणि परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदवला. श्वार्ट्‌झच्या काळात प्रश्न एवढाच होता, की या खनिजाला कोणता कोळसा मानवेल.