आलेखक गणकयंत्रे आणि आज्ञावलीच्या मर्यादा : १९८५ ते २०२०

आलेखक गणकयंत्र, म्हणजेच ग्राफिंग कॅल्क्युलेटर, समीकरणाचा आलेख पडद्यावर काढते आणि वापरणाऱ्याने रचलेली आज्ञावलीही चालविते. त्याचा इतिहास सामान्यतः क्षमतावृद्धीचा इतिहास मानला जातो. परंतु आज्ञावलीवरील मर्यादांचा क्रम तपासला असता निराळे स्थित्यंतर दृष्टीस पडते. आरंभी ही मर्यादा यंत्राच्या घडणीतून आली; पुढे ती परीक्षेच्या गरजेतून आली.

कॅसिओ कंपनीचे १९८५ मधील एफएक्स-७०००जी हे या वर्गातील पहिले यंत्र होय. त्याच्या पडद्यावर ९६ × ६४ बिंदू होते आणि आज्ञावलीसाठी अवघे ४२२ बाइट. मूळच्या २६ चलांहून अधिक चल हवे असल्यास प्रत्येकामागे आज्ञावलीचे आठ बाइट सोडावे लागत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८१ (१९९०) मध्ये ही जागा २,४०० बाइट झाली. परंतु बाह्य जोडणी नसल्याने आज्ञावली एकेक कळ दाबूनच भरावी लागे. या काळातील मर्यादा निव्वळ अपुऱ्या साधनांची होती. तीमागे कोणाचे धोरण नव्हते.

टीआय-८५ (१९९२) मध्ये जोडणीची सोय आली. यंत्रातील बेसिक भाषा संथ होती. म्हणून १९९४ साली हौशी वापरकर्त्यांनी 'झेडशेल' रचून, स्मृतीच्या राखीव प्रतीत फेरफार करून, प्रोसेसरची असेंब्ली भाषा थेट चालविली. टीआय-८३ प्लस (१९९९) मध्ये कंपनीने स्वतःच तशी आज्ञा पुरविली. बंडाला अशा रीतीने मान्यता मिळाली.

याच सुमारास परीक्षेचा प्रभाव वाढत होता. अमेरिकेतील कॉलेज बोर्डाने कलनाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत १९९५ पासून आलेखक गणकयंत्र आवश्यक ठरविले. त्याच वर्षीचे टीआय-९२ बीजगणितही सोडवी. पण टंकलेखकासारख्या कळफलकामुळे ते परीक्षेत वर्ज्य ठरले. १९९८ चे टीआय-८९ जवळजवळ तेच काम करी. कळफलक साधा असल्याने ते मात्र चालले. यंत्राचा आकार परीक्षेच्या नियमाने ठरू लागल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

पुढील संघर्ष उघड झाला. २००९ साली टीआय-८३ प्लसच्या कार्यप्रणालीचे रक्षण करणारी ५१२ बिटांची कूटकिल्ली हौशी संशोधकांनी अवयव पाडून शोधली. कंपनीने ती प्रसिद्ध करणाऱ्यांना कायदेशीर सूचना धाडल्या. २०१५ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने परीक्षेतील गणकयंत्रांसाठी स्मृती बंद ठेवणाऱ्या 'परीक्षा-अवस्थे'चे परिपत्रक काढले. २०२० साली कंपनीने टीआय-८४ प्लस सीई मालिकेच्या नव्या कार्यप्रणालीतून असेंब्ली व सी भाषेतील आज्ञावलींचा आधार काढून घेतला. त्या यंत्रात ४८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि सुमारे ३ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. क्षमता होती, परवानगी नव्हती.

परीक्षकांची शंका निराधार नव्हती. स्मृती पुसल्याचा खोटा पडदा दाखविणाऱ्या आज्ञावली खरोखरच प्रचारात होत्या. तथापि परीक्षेचे काही तास निर्दोष राखण्यासाठी त्या यंत्राच्या वर्षभराच्या वापरावर बंधन आले. ४२२ बाइटांच्या यंत्राने विद्यार्थ्याला काटकसर शिकविली. कुलूपबंद यंत्र त्याला काय शिकविते, हा प्रश्न गणिताच्या अध्यापनाइतकाच यंत्राच्या मालकीचाही आहे.